बांधलेले चाळ

"त्यांना चाळ सोडायला सांगा," डॉक्टर म्हणाले.

म्हणाले ते अर्धे वाकून. त्या खोलीचं छतच एवढं बुटकं, आणि त्यातून आडवी गेलेली काळी तुळई आणखी खाली, की उंच माणसानं ताठ उभं राहायचं म्हटलं तर कपाळमोक्षच. सकाळी आमच्या ढोलकीवाल्या गजाबाला चांगलं टेंगूळ आलं होतं. आता डॉक्टर नाईकनवरे, विलायतेतल्या त्या गावच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, सुटाबुटात, मान वाकडी करून उभे होते आणि आम्हाला हुकूम सोडत होते. मला आधी हसूच आलं. राग जरा मागून आला, पण आला तो मुक्कामालाच आला.

हौसाआक्का पलंगाच्या कडेला बसली होती. अंगावर जांभळी नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंबाड्यावर हॉटेलवालीनं अंगणातून तोडून दिलेली पांढरी गुलाबं. दोन्ही पायांत चाळ बांधून तयार. ती डॉक्टरांकडं बघतच नव्हती. खिडकीतून त्या गावच्या मोठ्या चर्चचा मनोरा दिसायचा, तिकडं तिची नजर लागलेली.

"का म्हणून सोडायचे?" मी विचारलं.

"त्यांचं गाणं होणार नाही. कमिटीचा निर्णय आहे. तुम्ही मागं बसून गा, शेवंताबाई, आणि मंडळातल्या चार मुली पुढं नाचतील. त्यांनी बसवलंय सगळं. कुटुंबं येणार आहेत, लहान मुलं येणार आहेत. बैठकीची लावणी वगैरे... बरं दिसणार नाही ते."

"बोलावताना बरं दिसत होतं?"

"त्यांचं वयही झालंय. आराम करू दे त्यांना."

"वय त्यांचं झालंय का तुमच्या कमिटीचं?"

डॉक्टरांनी मान वर केली आणि तुळईवर आपटले. मी मनातल्या मनात त्या तुळईला हात जोडले.

तुम्हाला आमच्या धंद्यातलं माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. चाळ म्हणजे पायातली घुंगरं. आमच्या परांडेकरांच्या पार्टीत एक रीत आहे. चाळांना हळदकुंकू वाहून पाया पडायचं, मग बांधायचे, आणि एकदा बांधले की गायल्याशिवाय सोडायचे नाहीत. मरण आलं तरी नाही. टेंभुर्णीच्या जत्रेत वावटळीनं तंबू उडाला, पब्लिक पळालं, तेव्हा माझ्या आजीनं बैलगाडीत उभं राहून बैलांपुढं एक लावणी म्हटली आणि मग गाठ सोडली. हे डॉक्टरांना मी सांगितलं.

ते म्हणाले, "अहो, अंधश्रद्धा आहे ही."

आक्कानं तेव्हा पहिल्यांदा मान वळवली. "असू दे की," ती म्हणाली. "तुमच्या गळ्यात ती लांब पट्टी हाय, ती तरी कशापायी बांधलीय?"

डॉक्टरांचा हात आपोआप टायकडं गेला.

आक्का म्हणजे माझी सख्खी मावशी, पण सगळी पार्टी तिला आक्का म्हणायची. बार्शीच्या थेटरात तिनं एक काळ गाजवलेला. बैठकीची लावणी तिची खासियत. त्यात नाचायचं नसतं. चार जाणकार माणसांसमोर बसून गायचं आणि एकेक ओळ नुसत्या डोळ्यांनी, भिवईनं, बोटांनी दाखवायची. त्याला अदा म्हणतात. एकच ओळ दहा वेळा म्हणायची आणि दहा वेळा तिचा रंग निराळा दाखवायचा. आता ती साठी ओलांडून गेली होती, गळा दमत चालला होता, आणि इकडं ऐकणारे सगळे शिट्ट्या मारणारे झालेले. परदेशातून बोलावणं आलं तेव्हा तिनं मला एकच अट घातली. "साहेबाच्या मुलखात एक बैठक करीन. ती शेवटची. मग चाळ ठेवून देईन. तेवढं जमवून दे." मी मंडळाला तसं कळवलं होतं, नाव न घालता, 'आमची आक्का' एवढंच लिहून. हो म्हणाले होते.

म्हणजे बघा, सोडा म्हणाले ते साधं नव्हतं. त्या बाईचं शेवटचं गाणं होतं ते, आणि ते गायल्याशिवायच गाठ सोडायला सांगत होते.

आम्ही खरं तर डॉक्टरांच्याच घरी उतरणार होतो. तसं ठरलं होतं. विमानतळावर ते स्वतः आले, हातात फुलं, तोंडभर हसू. मी ओळख करून दिली: हे ढोलकीवाले गजाबा, हे पेटीवाले मास्तर, आणि ही आमची हौसाबाई परांडेकर. झालं. त्या माणसाच्या तोंडावरचं हसू असं उतरलं की बोलायची सोय नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, घरी जरा अडचण आहे, तुमची सोय हॉटेलात करतो, ऐतिहासिक हॉटेल आहे, तुम्हाला आवडेल. मी समजायचं ते समजले. आम्ही बारीवाल्या, तमाशाच्या बाया. घरात कोण घेतंय? गावाकडं हेच, सातासमुद्रापार हेच. गावाचं नाव मी सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत.

हॉटेल मात्र जुनं होतं, खरंच. गावाच्या ऐन मध्यावर, दगडी फरशीच्या बोळात, चर्चच्या सावलीत. दारावर पाटी, पाटीवर एका पायावर उभा असलेला राखी बगळा. भिंती पांढऱ्या, त्यात काळ्या लाकडांच्या तिरक्या-आडव्या पट्ट्या. वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा पुढं आलेला. आत सगळंच तिरकं! जिना तिरका, जमीन तिरकी, पलंगाखाली एका बाजूला लाकडाचे ठोकळे घातलेले. मास्तरांनी पेटी जमिनीवर ठेवली तर ती सरकत कोपऱ्यात गेली. आक्का म्हणाली, "बगळ्यानं दारू पिऊन बांधलंय जणू."

मालकीण मिसेस हॉब्स. अंगानं भरलेली, बाह्या कोपराच्या वर, आवाज चौकात ऐकू जाईल असा. मी बारावीपर्यंत शिकलेली, मोडकंतोडकं इंग्रजी बोलते, तेवढ्यावर आमचं जुळलं. पहिल्याच सकाळी तिनं मला मागच्या अंगणात नेलं आणि वरचा लाकडी सज्जा दाखवला. पूर्वी गावोगाव फिरणारे नट इथंच उतरायचे म्हणे, अंगणातच खेळ करायचे, आणि लोक सज्जात उभे राहून बघायचे.

"गावात कुणाच्या घरी नाही उतरायचे?" मी विचारलं.

"घरी? त्यांना?" ती एवढ्यानं हसली की कबुतरं उडाली.

मी हे आक्काला सांगितलं. आक्कानं सज्जाकडं बघून नमस्कार केला. "मग आपलंच थेटर हाय की हे," म्हणाली.

तर त्या रविवारी दुपारी असा सगळा मामला होता. चार वाजता कार्यक्रम. हॉल जवळच, बाजारचौक ओलांडला की पलीकडं. गजाबा आणि मास्तरांना सकाळीच ढोलकी-पेटीसकट माईक तपासायला नेलेलं. आम्ही दोघी खोलीत, आणि समोर वाकलेले डॉक्टर.

"आक्का बसणार नसेल तर मीही गाणार नाही," मी म्हटलं.

"असं कसं? लोक जमायला लागलेत."

"मग त्यांना सांगा, तुमच्या चार मुली मुक्यानं नाचतील."

डॉक्टरांचा आवाज चढला. "शेवंताबाई, समजून घ्या. मी इथल्या लोकांना काय सांगू? तिकडं मुंबईला काय कळवू? पुन्हा कुणी बोलावणार नाही तुम्हाला."

"नका बोलावू! चुलीत गेलं तुमचं बोलावणं. आम्ही काय तुमच्या दारात ताट घेऊन बसलो होतो? तुम्ही पत्रावर पत्रं धाडलीत. आता बाई नटून बसली, चाळ बांधून बसली, आणि तुम्ही म्हणता सोडा? तुमच्या ऑपरेशनच्या टेबलावर माणूस घेतला आणि कुणी येऊन म्हणालं, राहू दे आज, तर चालेल तुम्हाला?"

त्यांनी टाय सैल केला. एकदा आक्काकडं बघितलं, चटकन नजर काढली. त्या नजरेत तुच्छता नव्हती, हे मला तेव्हाही जाणवलं. भीती होती. एवढा मोठा डॉक्टर एका म्हाताऱ्या गाणारणीला कशाला भ्यायचा, ते काही कळेना.

"साडेतीनला गाडी पाठवतो," ते दाराशी म्हणाले. "तुम्ही एकट्या या." आणि जिना उतरून गेले. उतरताना परत एकदा कपाळ आपटल्याचा आवाज आला.

"जा तू," आक्का म्हणाली. "तुला म्होरं लई दिवस काढायचेत. माझ्यापायी वाईटपणा नको."

"मी जात नाही."

"माझा हट्ट तुझ्या गळ्यात कशाला?"

"गळा तूच दिलायस, मग हट्ट कुणाचा घेऊ?"

ती हसली. मग चाळांची गाठ चाचपत म्हणाली, "त्याचा राग माझ्या वयावर न्हाई गं. बैठकीवर बी न्हाई."

"मग कशावर?"

"जाऊ दे. ज्याचं त्याला ठावं." आणि ती उठली. उठली की चाळ बोलले. त्या बुटक्या खोलीत असा आवाज घुमला की खिडकीच्या काचा थरथरल्या. "चल."

"कुठं?"

"खाली. चार माणसं हायत न्हवं खाली? बैठकीला किती लागत्यात?"

मी तुम्हाला काय सांगू! त्या तिरक्या जिन्यावरून ती एकेक पायरी उतरत होती, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातानं निऱ्या सावरत, आणि प्रत्येक पायरीला छन्न. छन्न. खाली जेवणाची खोली. रविवारचं जेवण रंगात आलेलं. भाजलेलं मांस, बटाटे, सुरी-काट्यांचा किणकिणाट, मोठी चूल, काळ्या लाकडाच्या भिंती. आमची चाहूल लागली आणि एकेक टेबल गप्प होत गेलं. शेवटच्या पायरीवर आक्का थांबली तेव्हा सगळी खोली आमच्याकडं बघत होती. मी पदर घट्ट ओढून घेतला. आक्का मात्र बार्शीच्या थेटरात उभी असल्यासारखी उभी.

मिसेस हॉब्स हातातल्या ताटांसह तशीच थबकली. मी तिच्याजवळ गेले आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं: हॉलमध्ये हिला गाऊ देत नाहीत. हिचं शेवटचं गाणं आहे. पायात घुंगरं बांधलीत, गायल्याशिवाय सोडता येत नाहीत. इथं बसू का?

तिनं आक्काच्या पायांकडं बघितलं. मग डोक्यातल्या गुलाबांकडं.

"कोण देत नाही?" तिनं विचारलं.

"आमचेच लोक."

"आपलेच असतात नेहमी," ती म्हणाली. ताटं ठेवली, चुलीपुढचं टेबल फरफटत बाजूला ओढलं आणि ओरडून आतून एक जाड रजई मागवली. तीच जमिनीवर अंथरली.

चुलीजवळचा एक लालबुंद तोंडाचा माणूस कुरकुरायला लागला. आम्ही इथं जेवायला आलोय, असं काहीसं. मिसेस हॉब्सनं त्याला जे सुनावलं त्यातलं अर्धं मला कळलं नाही, पण तो मुकाट्यानं बटाटा कापायला लागला. जगात कुठंही जा, खमकी बाई ती खमकी बाई.

आक्का बसली. एक पाय मुडपून, एक गुडघा उभा. ढोलकी नाही, पेटी नाही. मी शेजारी बसून टाळी धरली. तिनं गुडघा हलवून चाळांवर ठेका घेतला, डोळे मिटले, कानाला हात लावला आणि उचललं:

"वात सारिते, वाट पाहते, अजून नाही आला..."

आवाज फाटला. पहिलाच सूर, आणि फाटला. लालबुंद माणसानं वर बघितलं. आक्का थांबली नाही. फाटलेल्या जागेवरून तशीच पुढं गेली, जणू तिला तो तसाच हवा होता, आणि दुसऱ्या खेपेला तोच सूर असा लागला की मी टाळी द्यायची विसरले.

मग अदा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला ती सोळा वर्षांची पोर झाली. येतोय का नाही, दाराआडून डोकावते, येताना दिसला की पाठ फिरवून बसते. कोपऱ्यातल्या एका गोऱ्या म्हातारीला भाषा कळत नव्हती, पण ती खुदकन हसली. दुसऱ्या खेपेला आक्का चिडली. येऊ दे आता, दार उघडायची नाही! हाताची घडी, नाकाचा शेंडा, एक भिवई वर. नंतर हळूच एक बोट पुढं करून कडी काढली, अशी की खोलीतली माणसं फिस्सकन हसली. शब्द एकच. ओळ तीच. सुरी-काटे खाली ठेवलेले. मिसेस हॉब्स दाराच्या चौकटीला टेकून उभी, हात ॲप्रनमध्ये.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं.

आधी गजाबा आला, ढोलकी काखेत. मागून मास्तर, पेटी पोटाशी धरून, धापा टाकत. आणि त्यांच्या मधून एक म्हातारी बाई. अंगात लांब गरम कोट, त्याखाली इरकली लुगडं, डोक्यावरून पदर, पायात लेकाचे असावेत तसे मोठे बूट. चौक चालत ओलांडून आली होती, छाती वरखाली होत होती.

ती सरळ चुलीपाशी आली. "हौसा परांडेकर ती तूच काय?"

आक्का गाता गाता थांबली. "मीच. तुम्ही?"

"नाईकनवऱ्यांची. आबासाहेबांची बायको. तो डाक्टर माझा लेक."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विमानतळावर नाव ऐकल्यावर उतरलेला चेहरा. घरातली ती 'अडचण'. ही अडचण म्हणजे ही बाई होती! आम्हाला घरात घेतलं नाही ते आम्ही बारीवाल्या म्हणून नाही. आक्का हौसा आहे म्हणून. आणि आक्काला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, डॉक्टरांचं आडनाव ऐकल्याबरोबर. माझ्याजवळ चकार शब्द काढला नव्हता तिनं.

"माझा मालक तुझ्या बैठकीला यायचा," म्हातारी म्हणाली.

"यायचे," आक्का म्हणाली. "बाजारच्या दिवशी. सगळ्यात मागं, खांबाला टेकून बसायचे."

"काय होतं तुमच्यात?"

खोलीतल्या इंग्रज माणसांना शब्द कळत नव्हते, पण एकेकानं खुर्ची आमच्याकडं वळवली.

"गाणं होतं," आक्का म्हणाली.

"नुस्तं गाणं?"

आक्काची मान ताठ झाली. "नुस्तं म्हणू नका, बाई. बाकी काय बी म्हणा, पण गाण्याला नुस्तं म्हणायचं न्हाई माझ्यापुढं. ते ऐकायला यायचे, मी म्हणायची. त्यापरीस मोठं काय असतं ते मला ठावं न्हाई."

"गाव तर काय काय सांगत हुतं."

"गावाला तोंड हाय. मला गळा हाय."

गजाबानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तो नंतर मला म्हणाला, तिनं हॉलमध्ये येऊन विचारलं, पार्टीत कोण कोण आहे. त्यानं आक्काचं नाव सांगितलं आणि ती खुर्चीतून उठलीच, मला तिच्याकडं घेऊन चला म्हणाली.

"मी माफी मागून घ्यायला आले न्हाई," म्हातारी म्हणाली.

"आला असता तरी मिळाली नसती."

"ठावं हाय मला."

"मग कशाला आलात?"

"ऐकायला." तिचा आवाज आता खाली आला. "जिच्यापायी माझी भाकरी तव्यावर गार झाली, ती म्हणते तरी कशी, ते एकदा ऐकायचंय. ते गेले, तरी मला कळलं न्हाई की तिथं काय हुतं जे माझ्या घरात न्हवतं. परांडेकरांची पार्टी आलीय कळल्यावर मी लेकाला इचारलं, तर म्हणाला, हौसा आजारी हाय, आली न्हाई. माझ्याशी खोटं बोलला तो."

मिसेस हॉब्सनं काहीएक न विचारता एक खुर्ची आणून ठेवली. म्हातारीनं खुर्चीकडं बघितलं नाही. तिनं ते मोठे बूट काढले, कोट काढला आणि रजईच्या कडेला, आक्काच्या अगदी समोर, मांडी घालून बसली. आक्का तिच्याकडं एकटक बघत होती. गजाबा हळूच खाली टेकला आणि ढोलकीच्या वाद्या ताणायला लागला. मास्तरांनी पेटीचा भाता उघडला.

आणि आक्कानं तीच ओळ घेतली. मी कितीतरी वर्षं तिच्यामागं बसून ही लावणी ऐकलेली, पण ही अदा कधी पाहिली नव्हती. ह्यात ती गाणारीण नव्हतीच. ह्यात ती घरातली बाई होती. भाकरीवर फडकं झाकलं. पोराला थोपटलं, ते झोपेना, परत थोपटलं. दिव्याची वात बोटानं वर सारली. बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो का म्हणून कान दिला, आणि तो आवाज शेजारच्या वळणावरून दुसरीकडं गेला. तोंडावर काही नाही. राग नाही, रडणं नाही. फडकं उचललं, भाकरी बघितली, पुन्हा झाकली. वात सारली. "अजून नाही आला." एवढंच. गजाबानं ढोलकीवर नुसतं बोट ठेवलेलं, वाजवत नव्हता तो.

आक्काला घरसंसार कधी नव्हता. मग कुठून काढलं तिनं हे? मला वाटतं, मागं खांबाला टेकून बसलेल्या त्या माणसाकडं बघता बघता, त्याच्या घरी कोण बसलं असेल ते ती प्रत्येक बैठकीला बघत आली असणार. कधी कुणाला दाखवलं नव्हतं इतकंच. हा माझा तर्क. विचारलं असतं तर आक्कानं मलाच हाकलून दिलं असतं.

म्हातारीचं तोंड मला बाजूनं दिसत होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिच्या गुडघ्यावरचा हात भाकरी झाकायच्या जागी आपोआप हलला.

"हे दाखवायचीस त्यांना?" तिनं विचारलं.

"न्हाई," आक्का म्हणाली. "हे दाखवलं असतं तर ते घरी गेले असते. मग मी कुणापुढं गायले असते?"

काय बाई! दुसरी कुणी असती तर गोड बोलून मोकळी झाली असती. मला वाटलं, आता ही म्हातारी उठते आणि तिच्या मुस्काटात देते. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मग मान डोलावली, जाणकार माणूस बैठकीत डोलावतो तशी.

दार पुन्हा धाडकन उघडलं. डॉक्टर. टाय वाकडा, कपाळावर दोन टेंगळं, चेहरा पांढराफटक. त्यांनी आधी आईला पाहिलं, रजईवर अनवाणी बसलेली. मग आक्काला. मग सगळ्या इंग्रज माणसांना, जी त्यांच्याकडं अशी बघत होती की जणू तेच जेवणात व्यत्यय आणायला आलेत.

"आई! तू इथं? ह्यांच्यापुढं?"

"व्हय. हिच्यापुढं."

"चल, ऊठ आधी. घरी बोलू आपण. आणि शेवंताबाई, हे काय चालवलंय? हॉल भरलाय तिकडं. सगळे थांबलेत. लोकांना मी काय सांगू?"

मी तोंड उघडणार होते. चांगलं ठेवणीतलं सुनावणार होते त्यांना. पण म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि लेकाकडं न बघताच बोलली.

"थांबू दे की. मी जल्मभर थांबले, तवा कुणी काय सांगितलं मला?"

डॉक्टर तिथल्याही बुटक्या तुळईखाली वाकून उभेच राहिले. म्हातारीनं डोक्यावरचा पदर नीट केला, मांडी मोडून परत घातली आणि आक्काकडं वळली.

"म्हणा, हौसाबाई."